बिअर पिण्यास हरकत नसल्याचा दाखला

दामोदर अनंत हुक्केरीकर यांनी आयुष्यातली पहिली बिअर आंबील समजून घेतली, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या अक्षरात सरकारला लिहून कळवली. पुढचं सगळं रामायण त्या एका अर्जातून घडलं. बंगळुरात राजाजीनगरातली मंडळी म्हणतात की दामोदरपंतांना दारूचं व्यसन लागलं होतं. हे साफ खोटं आहे. दामोदरपंतांना व्यसन होतं ते कागदाचं, आणि तेही बेळगावाहून येतानाच बरोबर आलेलं.

सरकारी कारखान्यात ते तपासणी विभागात होते. लेथवरून उतरलेला एकही तुकडा त्यांच्या मापात बसल्याशिवाय आणि त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नसे. घरीही तोच कारभार. गवळ्याचं माप त्यांनी एकदा कारखान्यात नेऊन तपासून आणलं होतं, आणि ते बरोबर निघाल्यावर त्यांना थोडं वाईटच वाटलं होतं. अशा माणसाला कुणी फुकटचं काम सांगितलं तर तो नाही म्हणत नाही, फक्त ते काम मोजमापाचं असावं लागतं. शेजारच्या विठोजीरावांना हे पक्कं ठाऊक होतं.

विठोजीरावांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगळुरात आले होते आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं होतं. त्यामुळे विठोजीरावांच्या मराठीत निम्मं कन्नड असे आणि उरलेल्या निम्म्याला घाई अजिबात नसे. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत एका शनिवारी ते कुंपणावरून म्हणाले, "अण्णा, व्हाइटफील्डला आमचा मल्लाप्पा हाय. नाचणीचं काहीतरी करतो. त्याचा थर्मामीटर खोटं बोलतो म्हणे. स्वल्प बघून द्याल काय?"

खोटं बोलणारा थर्मामीटर म्हटल्यावर दामोदरपंतांना रात्रभर राहवेना. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने दोघे व्हाइटफील्डला उतरले आणि घोड्याच्या जटक्यातून मल्लाप्पाच्या घरी गेले. घरामागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये दोन मोठी तांब्याची भांडी, चार लाकडी पिंपं, पिंपांवर खडूने घातलेले आकडे, आणि गोणपाटावर मोड आणायला पसरलेली नाचणी. मल्लाप्पा साठीचा, उघडाबंब, बोलायला अगदी हळू. मोड आलेली नाचणी पाहून दामोदरपंतांना बेळगावचं घर आठवलं. त्यांची आई आंबिलीसाठी अशीच नाचणी मोडवत असे. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की हा मनुष्य आंबिलीचा कारखानदार आहे. एकदा ठरवलं की ते फेरतपासणी करत नसत, आणि हाच त्यांच्या तपासणीतला एकमेव दोष होता.

थर्मामीटर तीन अंशांनी खोटा निघाला. मल्लाप्पाला एवढा आनंद झाला की त्याने त्यांचे हातच धरले. मागचे दोन घाणे का बिघडले हे कोडं त्याला महिनाभर छळत होतं. तो आत गेला आणि सात नंबरच्या पिंपातून स्टीलचा पेला काठोकाठ भरून घेऊन आला. वर बोटभर फेस होता. दामोदरपंतांनी पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

"आंबील उत्तम आहे," ते म्हणाले. "थोडी जास्त आंबली आहे, पण उत्तम. ताक कुणाकडचं घेता?"

"बिअरमध्ये ताक कोण घालतं, सार?" मल्लाप्पा म्हणाला.

मल्लाप्पाने एकतीस वर्षं साहेबाच्या ब्रुअरीत काढली होती. साहेब विलायतेला गेला, मल्लाप्पाने ही दोन भांडी घेतली, रीतसर लायसन काढलं, आणि तेव्हापासून तो स्वतःच्या डोक्याने थोडी थोडी बिअर करत होता. प्रत्येक घाणा वेगळा. एकदा बार्लीचा, एकदा कुर्गच्या संत्र्याची साल टाकून, एकदा नाचणीचा. नाव कशालाच नाही, फक्त नंबर. हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं. दामोदरपंतांच्या कानात त्यातलं काहीच शिरलं नाही. ते नुसते पेल्याकडे बघत होते.

बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हापासून तिथे दारूबंदी. छप्पन साली बेळगाव म्हैसूर राज्यात आलं, पण बंदी मागे सुटली नाही, ती सामानाबरोबर आली. तिथे घोटभर घ्यायला सरकारी परवाना लागे आणि परवान्याला डॉक्टरचा दाखला लागे. दामोदरपंतांनी जन्मात कधी परवान्याशिवाय सायकलसुद्धा चालवली नव्हती.

"अण्णा, हे बंगळूर," विठोजीराव परतीच्या गाडीत समजूत घालू लागले. "हितं बंदी न्हाई. सगळेच पितात."

"सगळे पितात हा पुरावा नव्हे. त्याने गुन्हा मोठा होतो, एवढंच."

"राज्य एकच हाय की ओ."

"तेच म्हणतो मी. राज्य एक, सरकार एक, आणि बेळगावात जे बेकायदा ते इथे कायदेशीर? असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

विठोजीरावांना ते दाखवता आलं नाही. त्यांनी आयुष्यात कुठे काय लिहिलंय हे कधी पाहिलंच नव्हतं, आणि तरी त्यांचं छान चाललं होतं. दामोदरपंतांना या गोष्टीचा त्या दिवशी विशेष संताप आला.

आणि खरा संताप वेगळाच होता. तो पेला त्यांना आवडला होता. नुसता आवडला नव्हता, त्याची चव जिभेवरून जायला तयार नव्हती. भाजलेल्या नाचणीचा खमंगपणा, मग थोडा कडवटपणा, आणि शेवटी गुळाची आठवण व्हावी असं काहीतरी. सत्तेचाळीस वर्षांत जेवणानंतरच्या पानाखेरीज स्वतःच्या जिवासाठी त्यांनी काही मागितलं नव्हतं. आता त्यांना दुसरा पेला हवा होता. तो चोरून नको होता. चोरून पिणारे त्यांनी बेळगावात पाहिले होते. मागच्या दाराने जाणारे आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या नजरेला नजर न देणारे. दुसरा पेला ते उजळ माथ्याने पिणार होते.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते परवान्याच्या कचेरीत गेले. तिथे शिवाप्पा नावाचे एक कारकून होते. माणूस सज्जन होता, आणि कचेरीत सज्जन माणूस भेटला की कामाचे किती हाल होतात हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. खडूस कारकून नाही म्हणतो आणि आपण घरी जातो. सज्जन कारकून मदत करतो.

"बिअर प्यायला परवानगी बेकागिल्ल, सार," शिवाप्पा म्हणाले. लागत नाही.

"लागत नाही हे लिहून द्या."

शिवाप्पांनी विचार केला. "जे लागतं त्याचा फॉर्म असतो, सार. जे लागत नाही त्याचा फॉर्म कसा असणार?"

"म्हणजे मी पिऊ नये?"

"प्या की."

"तोंडी?"

समोरचा मनुष्य थट्टा करत नाही हे शिवाप्पांना दिसत होतं. शेवटी त्यांनी उठून तीन कपाटं धुंडाळली आणि बेळगावकडून केव्हातरी आलेल्या जुन्या कागदांतून एक छापील नमुना काढला. पिण्यासंबंधी सरकारने छापलेला तेवढा एकच कागद सापडला होता. त्यात अर्जदाराला दारू न मिळाल्यास त्याच्या प्रकृतीस अपाय होईल, असं डॉक्टरने लिहून द्यायचं होतं. "हे आणा, सार," शिवाप्पा म्हणाले. "चालतं का बघू."

कारखान्याच्या डॉक्टरांनी दामोदरपंतांना आडवं केलं, उभं केलं, पाठीवर टकटक करून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या. "हुक्केरीकर, तुम्हाला काहीच झालेलं नाही," ते म्हणाले.

"नीट बघा."

"तुमचं यकृत लहान मुलासारखं आहे."

एरवी हे ऐकून कुणीही पेढे वाटले असते. दामोदरपंत तिथून अपमान झाल्यासारखे बाहेर पडले. सत्तेचाळीस वर्षं निर्मळ वागल्याचं हे फळ. लोकांनी यकृतं पार सडवून घ्यावीत आणि सरकारने त्यांना सन्मानाने परवाने द्यावेत. ज्याने एक पेला घेतला, तोही आंबील समजून, त्याला मात्र दार बंद. हे त्यांनी घरी येऊन बायकोला, प्रमोदिनीबाईंना, तीनदा सांगितलं. प्रमोदिनीबाई वाल सोलत होत्या.

"प्यायची तर प्या बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "पण अर्ज नका करू."

बाईमाणसाला कायद्यातलं काय कळतं, असं दामोदरपंतांना वाटलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, कारण घरातलं त्यांना थोडंफार कळत होतं. ते टेबलाशी बसले आणि छापील नमुना बाजूला सारून त्यांनी स्वतःचा स्वतंत्र अर्ज लिहिला. अर्जदाराने दिनांक १२ फेब्रुवारी रोजी अनवधानाने, आंबील समजून, नाचणीची बिअर, एक पेला, अंदाजे दहा औंस, प्राशन केली असून सदर प्राशन भूतलक्षी प्रभावाने नियमित करून मिळावं आणि पुढील प्राशनास रीतसर परवानगी द्यावी, ही विनंती. खाली सही, तारीख, आणि सवयीने 'तपासले' असा शेरा.

शिवाप्पांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "सार, हे तुम्ही कबूल केलंत."

"मग? गुन्हा आहे का तो?"

"गुन्हा न्हाई. पण कबुली हाय. कबुली आली की चौकशी करावीच लागते."

चौकशीला चार महिने लागले. या चार महिन्यांत मल्लाप्पा गप्प बसला नव्हता. थर्मामीटर खरं बोलू लागल्यापासून त्याचा हात असा काही बसला होता की दर पंधरा दिवसांनी शेडमध्ये नवा नंबर लागे. विठोजीराव दर रविवारी व्हाइटफील्डला जाऊन येत आणि संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून हकीकत सांगत. या हकीकतींनी दामोदरपंतांचा जितका छळ झाला तितका कचेरीनेही केला नसेल. विठोजीरावांना पिता येत होतं, पण सांगता येत नव्हतं.

"आठ नंबर निघाली, अण्णा."

"कशी आहे?"

"बरी हाय."

"बरी म्हणजे? कडू आहे?"

"कडू हाय स्वल्प."

"कारल्याइतकी की मेथीइतकी?"

विठोजीराव बराच वेळ आकाशाकडे बघत. "सरी वाटली," ते म्हणत. म्हणजे ठीक.

दामोदरपंत आत येऊन येरझारा घालत. देवाने हा पेला कुणाच्या हातात द्यावा याला काही सुमार नव्हता. दहा नंबरमध्ये धणे होते म्हणे. धणे अख्खे की भरडलेले, हे विठोजीरावांना विचारायचंसुद्धा सुचलं नव्हतं. अकरा नंबर एवढी फिकी होती की तिच्यातून पलीकडचं दिसत होतं, आणि विठोजीरावांनी पलीकडे काय दिसलं ते सांगण्यात अर्धा तास घालवला. शेवटी दामोदरपंतांनी तपासणी विभागात असतो तसा तक्ता आखून दिला. रंग, फेस, वास, कडवटपणा, शेवटची चव. विठोजीरावांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या रविवारी सगळ्या रकान्यांत 'बरी' असं भरून आणला. हा माणूस आपला मित्र आहे याबद्दल दामोदरपंतांना त्या संध्याकाळी मनापासून शंका आली.

सात नंबरची गोष्ट मात्र वेगळी होती. ती संपत आली होती. नाचणीचा तसा घाणा मल्लाप्पा पुढच्या सुगीनंतरच लावणार होता, आणि पुन्हा तशीच उतरेल याची खात्री त्याला नव्हती. त्यातली एक मोठी बाटली त्याने थर्मामीटरवाल्या साहेबांसाठी बाजूला ठेवली होती. "लौकर या म्हणून सांगा," असा निरोप होता. "जास्त दिवस राहायची न्हाई."

इकडे चौकशी राजाजीनगरात येऊन पोचली होती. कचेरीचा माणूस सायकलवरून आला, बगलेत फाइल. तो दामोदरपंतांकडे गेला नाही, कारण अर्जदाराची चौकशी अर्जदाराकडे करत नाहीत. तो शेजारी गेला. समोरच्या कृष्णाबाई निपाणीकडच्या, मनाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या. त्यांना त्याने विचारलं, अर्जदार किती पितो, पिऊन आल्यावर कन्नड बोलतो की मराठी, बायकोवर हात उचलतो काय. कृष्णाबाई म्हणाल्या, "आवाज तर अजून आला न्हाई." हे त्याने लिहून घेतलं. विठोजीरावांना विचारलं तेव्हा ते खरं तेच बोलले. "एकच पेला घेतला. पण लई आवडीनं घेतला." हेही त्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशीपासून नळावर प्रमोदिनीबाई गेल्या की बायका घागर बाजूला घेऊन त्यांना आधी पाणी भरू देत. दहा वर्षांत कुणी असा पहिला नंबर दिला नव्हता. कृष्णाबाई रोज काहीतरी घेऊन येत. कधी उगाळलेलं जायफळ, कधी कुठल्याशा मठातला अंगारा.

"वैनी, आमच्या मामंजींचं बी असंच हुतं बघा," त्या आवाज खाली आणून म्हणत, आणि तो खाली आणलेला आवाज चौथ्या घरापर्यंत जाई. "पहिल्यांदा आंबीलच म्हणायचे ते बी."

प्रमोदिनीबाई अंगारा घेऊन कोनाड्यात ठेवून देत. दामोदरपंत मात्र उसळत. या आळीत कोण कोण घेतं हे त्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरचे ओव्हरसिअर दर शनिवारी घेत आणि रविवारी देवळात घंटा वाजवत. पलीकडचे दोघे भाऊ घेत आणि मग एकमेकांना मारत. हे सगळे सभ्य गृहस्थ होते. आणि ज्याने चार महिन्यांपूर्वी एक पेला घेतला, ज्याचं यकृत लहान मुलासारखं असल्याचं डॉक्टरने सांगितलं, तो आळीतला दारुडा. दामोदरपंतांनी यावर सरकारला आणखी एक अर्ज लिहिला. प्रमोदिनीबाईंनी तो चुलीत घातला.

मग मंडळाची बैठक झाली. मराठी मंडळाचे दामोदरपंत नऊ वर्षं चिटणीस होते. गणेशोत्सवाचा कार्यक्रम ते मिनिटांनी आखत, आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही आरती पाच मिनिटांपेक्षा जास्त उशिरा झाली नव्हती. या एका गोष्टीचा त्यांना संसारातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त अभिमान होता. अध्यक्ष चंद्रकांतराव मोठ्या हुद्द्यावरचे, क्लबात जाणारे. त्यांनी दामोदरपंतांना बैठकीनंतर थांबवून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. माणसाने खांद्यावर हात ठेवला की समजावं, काहीतरी काढून घेणार.

"या वर्षी जरा विश्रांती घ्या, हुक्केरीकर."

"कशाबद्दल?"

"लोक बोलतात. तुमचं ते प्रकरण मिटू द्या आधी."

"तुम्ही क्लबात घेता ते?"

चंद्रकांतराव अजिबात रागावले नाहीत. "घेतो ना," ते म्हणाले. "पण माझी फाइल नाही."

दामोदरपंत त्या दिवशी घरापर्यंत चालत आले. तीन मैल. त्यांना रडू यायचंच बाकी होतं, आणि रडू येत नव्हतं म्हणून ते वाटभर संतापत होते. त्यांना एकच आशा होती. कागद येईल. कागद आला की चंद्रकांतरावांच्या टेबलावर तो ठेवायचा आणि एक शब्द न बोलता त्यांच्याकडे बघायचं. ते कसं बघायचं हेसुद्धा त्यांनी वाटेत ठरवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कागद आला. शिवाप्पांनी तो स्वतः घरी आणून दिला, गोल शिक्क्यासकट. असा दाखला पूर्वी कधीच निघाला नसल्यामुळे बिचाऱ्याने तो वरच्या साहेबांकडे सहा वेळा नेला होता. चौकशीअंती अर्जदार दामोदर अनंत हुक्केरीकर, वय सत्तेचाळीस, यांनी बिअर पिण्यास या कचेरीची हरकत नाही. दामोदरपंतांनी तो उभ्याउभ्या एवढाच वाचला, कारण पुढचं डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी शिवाप्पांना कॉफी दिली, लाडू दिले, आणि तडक चंद्रकांतरावांकडे गेले.

ठरवल्याप्रमाणे त्यांनी दाखला टेबलावर ठेवला आणि ठरवल्याप्रमाणे बघितलं.

चंद्रकांतरावांनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला आणि अतिशय दुःखाने घडी घालून परत दिला. "आतापर्यंत नुसती अफवा होती, हुक्केरीकर," ते म्हणाले. "आता तुम्ही पिता याला सरकारी शिक्का बसला. आता मी काय करणार?"

नवा चिटणीस त्याच संध्याकाळी नेमला गेला. तो ओव्हरसिअर होता, शनिवारी घेणारा.

रविवारी सकाळी दामोदरपंतांनी इस्त्रीचा कोट घातला आणि दाखला आतल्या खिशात ठेवला. त्यांच्याकडे आता गमावण्यासारखं काही राहिलं नव्हतं आणि मिळण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. विठोजीराव दारात उभे होते. तेवढ्यात प्रमोदिनीबाई नऊवारी बदलून बाहेर आल्या.

"तू कुठे?"

"मीही येते. इतके दिवस ज्याच्यापायी मान खाली घालून नळावर गेले, ते आहे तरी काय ते बघू दे."

व्हाइटफील्डला मल्लाप्पाने बाईंना पाहिलं आणि तो आत पळाला. तो शर्ट घालून आला, खुर्ची पुसली, आणि मग सात नंबरची राखून ठेवलेली बाटली काढली. "शेवटची, सार," तो म्हणाला. "आजउद्या बिघडलीच असती." त्याने स्टीलचा पेला काठोकाठ भरला. वर बोटभर फेस आला. शेडभर भाजल्या नाचणीचा वास सुटला.

त्यांनी पेल्याला हात लावला नाही. आधी दाखला काढला. असा क्षण आयुष्यात एकदाच येतो, तर तो रीतसर साजरा व्हावा, म्हणून त्यांनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बिअर पिण्यास हरकत नाही इथपर्यंत आवाज खणखणीत होता. मग तो बारीक झाला. मग थांबला.

"काय झालं?" विठोजीरावांनी विचारलं.

"नगरहद्दीत," दामोदरपंत म्हणाले. "ही ना-हरकत फक्त नगरहद्दीत लागू, असं पुढे लिहिलंय."

शेडबाहेर बांध होते, बांधापलीकडे नाचणीची शेतं होती, आणि बंगळूर शहर दहा-बारा मैल मागे राहिलं होतं.

"आता हितं कोण बघतंय, अण्णा?" विठोजीराव म्हणाले. "स्वल्प घ्या."

"मला कुणी बघतंय म्हणून मी थांबलो नव्हतो," दामोदरपंत म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. नाव गेलं, चिटणीसपद गेलं, आळीत दारुडा झालो, आणि एवढं करून समोर ठेवलेल्या पेल्याला हात लावायची सोय नाही. सरकारवर, शिवाप्पांवर, चंद्रकांतरावांवर, आंबिलीवर, सगळ्यांवर ते इतके चिडले होते की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पेल्यातला फेस हळूहळू खाली बसत होता. मल्लाप्पाला ते बघवेना, त्याने तोंड फिरवलं.

प्रमोदिनीबाई पुढे झाल्या. त्यांनी पदर सावरला, पेला उचलला आणि तोंडाला लावला. पहिल्या घोटाला त्यांनी डोळे बारीक केले. दुसऱ्याला उघडले. मग सावकाश, काही घाई न करता, त्यांनी पेला निम्मा केला. विठोजीराव पाठ फिरवावी की नाही या विचारात तसेच उभे राहिले.

"खमंग आहे," त्या म्हणाल्या. "मागून गुळासारखं लागतं. आणि कडवटपणा मेथीइतका आहे, कारल्याइतका नाही."

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं होतं. दामोदरपंत त्यांच्याकडे बघतच राहिले. प्रमोदिनीबाईंनी पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"आता ही तुमची बिअर नाही. माझं उष्टं आहे. त्याला नगरहद्द लागत नाही."

"अगं, पण असं कसं..."

"बावीस वर्षं तुम्ही उठल्यावर तुमच्याच उष्ट्या ताटात जेवायला बसते आहे मी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तो असा कधी ऐकल्याचं दामोदरपंतांना आठवेना. "मी कुठल्या कचेरीतून दाखला आणला होता?"

दामोदरपंतांनी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली, दोन्ही हातांनी पेला धरला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोच्या उष्ट्याला तोंड लावलं.